सीएसआरने खरंच शांतता येते का?

प्रश्न: आमच्या कंपनीत सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) म्हणजे वर्षातून एकदा झाडं लावायची न फोटो काढायचे, आता नवीन बॅनरवर 'शांतता आणि समानता' लिहिलंय. कंपनी यात खरंच काही करू शकते का?

उत्तर: करू शकते की, पण बॅनरने नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद होता तेव्हा 1977 मध्ये लिऑन सलिव्हन यांनी, ते जनरल मोटर्सच्या बोर्डवर होते, तिथे धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांसाठी नियम मांडले, म्हणजे कॅन्टीन न टॉयलेट सगळ्यांना एकच, सारख्या कामाला सारखा पगार, वरच्या पोस्टवर काळे लोकपण हवेत. बघा, यात देणगी आधी नाही, कंपनीच्या आतलं वागणं आधी आहे!! अर्थात तेवढ्याने वर्णभेद हलला नाही, 1987 मध्ये सलिव्हननीच सांगितलं की कंपन्यांनी आता तिथून निघावं. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

शांततेचं म्हणाल तर कच्चा माल कुठून येतो ते बघा. हिरे विकून बंडखोर टोळ्या शस्त्रं घ्यायच्या म्हणून 2003 पासून किम्बर्ली प्रोसेस, म्हणजे कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र द्यायची आंतरराष्ट्रीय पद्धत, सुरू झाली, त्यातही पळवाटा आहेतच, पण निदान माल कुठला हे विचारायची पद्धत पडली.

तर एचआरला पहिलं हे विचारा की बायका न पुरुषांच्या पगारात फरक किती, कंत्राटी लोकांना तक्रार करायला जागा आहे का, आणि सप्लायरकडे कोण जाऊन बघतं. झाडं लावा हो, त्याला कोण नको म्हणतंय.