'तू फक्त सह्या कर' म्हणणाऱ्या नवऱ्याला काय सांगू?

ताई, माझे मिस्टर मागची पाच वर्षं गावचे सरपंच होते. यंदाच्या सोडतीत सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी निघालं आणि मला न विचारताच ठरलं की मी उभं राहायचं. 'तू फक्त सह्या कर, बाकीचं मी बघतो,' असं ते म्हणतात. बचत गटाचे हिशेब मी कित्येक वर्षं लिहितेय. मला खरंच काम करायचंय. पण बोलले तर घरात वाद होईल.
– एक वाचक, सातारा जिल्हा

अगं, बोल. आणि अर्ज भरायच्या आधीच बोल. निवडून आल्यावर बोललीस तर त्यांना वाटेल, हिने फसवलं.

'फक्त सह्या' हे शब्द मला फार खटकले. ग्रामनिधीतले पैसे सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या दोघांच्या सहीने निघतात. उद्या गटाराच्या बिलात गडबड निघाली तर नोटीस तुझ्या नावाने येईल, आणि ग्रामपंचायत कायद्याचं कलम 39, म्हणजे गैरवर्तनासाठी पदावरून काढण्याचं कलम, लागलं तर पद तुझं जाईल. 'ह्यांनी सांगितलं म्हणून सही केली' हे सुनावणीत कोणी ऐकून घेत नाही. त्यांना नेमकं हेच सांग. ते स्वतः त्या खुर्चीत बसलेत, त्यांना कळेल.

त्यांच्या नावावर मतं पडतील याचा मात्र संकोच नको. प्रमिला दंडवते आणि मधू दंडवते हे समाजवादी नेत्यांचं जोडपं 1980 साली एकाच लोकसभेत निवडून गेलं, ते राजापुरातून आणि त्या उत्तर-मध्य मुंबईतून. त्याआधी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांमध्ये त्या पुढे होत्या, आणीबाणीत तुरुंगातही गेल्या. नवऱ्याचं आडनाव लावलं म्हणून त्यांचं काम कोणी त्यांच्या नवऱ्याच्या खात्यावर टाकलं नाही. तुझे बचत गटाचे हिशेबही तुझेच आहेत, प्रचारात ते मोकळेपणाने सांग.

ह्यांचा अनुभव वापर. तालुक्याला कोणाला भेटायचं, प्रस्ताव कुठे अडतो, हे त्यांना विचार, घरी, जेवताना. पण मासिक सभेत तुझ्या शेजारी त्यांची खुर्ची नको, आणि भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, प्रोसिडिंग बुक (सभेच्या इतिवृत्ताची वही) सहीसाठी त्यांच्याकडे पाठवायचं नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, ती नुसती कागदावर उरकू देऊ नकोस. बायका तिथेच पाण्याचं खरं बोलतात.

आणखी एक बघून ठेव. ह्यांच्याकडे किंवा दिरांकडे पंचायतीचं एखादं कंत्राट आहे का? घराची पडवी गायरानात गेलीय का? कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणावरूनही सदस्यत्व जातं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. विरोधक पहिल्यांदा हेच शोधतील.

आणि इतकं सांगूनही ते सह्यांवरच अडून बसले, तर अर्ज भरू नकोस. मी हे विचार करून लिहितेय. ह्या वेळी ते उभे राहूच शकत नाहीत, त्यामुळे तुझ्या 'नाही'ला आज घरात जेवढी किंमत आहे तेवढी निकालानंतर राहणार नाही.