पाच वर्षांच्या मुलाचा एक डोळा 'आळशी' आहे म्हणतात. वाढीवर, अभ्यासावर परिणाम होईल का? सासूबाई पट्टी लावू देत नाहीत.

बुद्धीवर होत नाही. अंतराच्या अंदाजावर होतो: पाणी पेल्याबाहेर सांडतं, चेंडू हातात न येता छातीवर आदळतो. वाचनही थोडं सावकाश होतं.

पण खरा प्रश्न तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. "चांगला डोळा झाकून पोराला आंधळं करताय, मोठा झाला की बघू" हे आमच्या बेळगाव भागात शहापूरपासून खानापूरपर्यंत रोज ऐकतो. आळशी डोळा नसतोच, मेंदू त्या डोळ्याचं ऐकायचं सोडून देतो. चांगला डोळा झाकल्याशिवाय मेंदूला त्याचं ऐकावं लागत नाही. सातच्या आत हे सगळ्यात सोपं जातं.

आधी चष्मा. नंबर बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच काढलेला हवा आणि चष्मा दिवसभर. तीन-चार महिन्यांत काहींची नजर त्यानेच सुधारते. उरलं तर पट्टी: नजर ६/१२ ते ६/२४ (निरोगी डोळा १२ ते २४ मीटरवरून वाचतो ते याला ६ मीटरवरूनच दिसतं) असेल तर साधारण रोज २ तास, त्याहून कमी असेल तर ६ तास. चिकटपट्टी कातडीवर, चष्मा तिच्यावरून. चष्म्याला कापड लटकवू नका. पोरगं हनुवटी वर करतं, मान जराशी वळवतं आणि नाकाकडच्या फटीतून चांगल्या डोळ्यानेच बघतं, घरचे म्हणतात, "पट्टी लावली की सगळं दिसतंय." झोपेतले तास मोजू नका. खेळ, चित्रं, टीव्ही, काहीही चालेल.

तपासणीत अक्षरं ओळीने वाचायला लावा. सुटं अक्षर आळशी डोळाही ओळखतो आणि नजर आहे त्यापेक्षा बरी वाटते. मराठी शाळेतलं पोर कन्नड तक्त्यावर अडखळलं तर तो नजरेचा दोष नव्हे, दिशा दाखवायचा इंग्रजी 'E'चा तक्ता मागा.

"मोठा झाला की" म्हणणाऱ्यांची पोरं अठराव्या वर्षी मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीला धावतात, छाती फुगवतात आणि एक डोळा झाकायला सांगितला की थांबतात. तेव्हा चष्म्यानेही अक्षर उमटत नाही.

हो, पट्टीचे तास मनाने वाढवू नका, चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते. पट्टी सुटल्यावरही वर्षभर तपासण्या चुकवू नका, साधारण चारातल्या एकाची नजर पुन्हा घसरते. बाहुलीत पांढरं दिसलं तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

पुढच्या तपासणीला सासूबाईंना न्या. चांगला डोळा झाकून नातू तक्ता वाचतो तेव्हा त्यांना शेजारी उभं करा.