पुतण्याचं भाडं पाच हजार, पावत्या अठरा हजारांच्या

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, सांगलीत स्वतःच्या घरात राहते. पुण्यात कोथरूडला माझ्या नावावर दुसरा फ्लॅट आहे, कर्ज फिटलंय. दोन वर्षांपासून तिथे धाकट्या दिरांचा मुलगा राहतो. दरमहा पाच हजार माझ्या खात्यात पाठवतो. शेजारचा तसाच फ्लॅट बावीस हजारांना गेलाय. करार नाही, घरचाच मुलगा. आता ऑफिसात द्यायला त्याला अठरा हजारांच्या पावत्या आणि माझा पॅन हवाय. "काकू, तुझं काय जातंय?" म्हणतो. देऊ का?

उत्तर: नका देऊ, बाई. त्याला घरभाडे भत्त्यावरची करसवलत हवी आहे. त्यासाठी वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर दाखवलं की कंपनी घरमालकाचा पॅन मागते आणि टीडीएसच्या, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या विवरणात तो आयकर खात्याकडे कळवते. म्हणजे त्याच्या बाजूला तुमच्या पॅनवर २,१६,००० रुपये आणि तुमच्या पासबुकात ६०,०००. खोट्या पावतीवर घेतलेल्या सवलतीला चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. तो त्याला होईल, पण सही तुमची असेल.

आता तुम्ही न विचारलेलं. हातात पाचच हजार आले म्हणून कर पाचावरच, असं नाही. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम २३ विचारतं की हे घर रीतसर भाड्यानं दिलं तर किती मिळालं असतं. ती रक्कम जास्त असेल तर तीच धरायची. अर्थात अधिकाऱ्याला थेट बावीस हजार लावता येत नाहीत. महापालिकेचं मूल्यांकन त्याला बघावं लागतं, आणि भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तर त्या कायद्यानं ठरणारं प्रमाण भाडं ही वरची मर्यादा. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४मध्ये हे चांगलं उलगडून सांगितलं आहे.

तरी वाईटात वाईट गणित मांडू. बावीस हजारांनी वर्षाचे २,६४,०००. तुम्ही भरलेला मिळकतकर समजा १२,०००, तो वजा. उरलेल्या २,५२,०००तून ३० टक्के सरसकट वजावट, राहिले १,७६,४००. एवढं तुमच्या पेन्शनमध्ये मिळवा. आर्थिक वर्ष २०२५-२६साठी नव्या करपद्धतीत ही बेरीज १२ लाखांच्या आत बसली तर कर शून्यावर येतो. तेव्हा आधी बेरीज करा, मग घाबरा.

खरी गंमत पुढे आहे. दोन घरांपर्यंत स्वतःच्या राहण्याची घरं म्हणून वार्षिक मूल्य, म्हणजे करासाठी धरायचं वर्षाचं भाडं, शून्य धरता येतं, आणि २०२५च्या दुरुस्तीनंतर तिथे का राहत नाही याचं कारणही द्यावं लागत नाही. पण घर भाड्यानं दिलं की ही सूट गेली. म्हणजे पुतण्याला फुकट ठेवलात तर माझ्या मते तुमची बाजू भक्कम, आणि या पाच हजारांपायीच तुम्ही अडकता! भाडं घ्यायचं तर बाजाराच्या जवळपास घ्या, नाहीतर एक पैही घेऊ नका. वीजबिल त्यानं भरावं. सोसायटीचा मेंटेनन्स तुम्हीच भरा, त्याला कोणी भाडं म्हणायला नको.

भाडं घेणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. पुतण्या असला तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. आज तो गोड आहे. उद्या त्याचं लग्न होईल, घरात दुसरं मत येईल. नोटरीचा कागद इथे चालत नाही. फुकट ठेवणार असाल तर एवढंच लिहून घ्या: "काकूंच्या परवानगीनं, विनामोबदला राहतो, भाडेकरू नाही, सांगतील तेव्हा घर सोडीन." खाली सही, तारीख, दोन साक्षीदार.

गेल्या दोन वर्षांच्या रिटर्नमध्ये हे पाच हजार दाखवलेत का, ते पत्रात नाही. नसतील तर राहून गेलेलं उत्पन्न मागाहून दाखवायच्या अपडेटेड रिटर्नची वाट अजून उघडी आहे. दोन्ही वर्षांची रिटर्नं आणि महापालिकेचं मिळकतकराचं बिल घेऊन सीएकडे जा. बिलावर वार्षिक करपात्र रक्कम छापलेली असते, हिशोब तिथूनच सुरू होईल.