ही माया कोण?

पत्र: मी अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. मुलगी बारावी सायन्सला. कॉलेज रोडला जेईई-सीईटीचा क्लास लावलाय, दोन वर्षांची फी भरून झाली. सहामाहीला फिजिक्समध्ये 70 पैकी 38. रात्री फोनवर परदेशातले फॅशन शो बघत बसते. परवा दप्तरात एक वही सापडली. पानोपानी रॅम्पवरच्या बायकांचे फोटो चिकटवलेले, कुणी घालणार नाही असले कपडे. रागात एक पान फाटलं. वही मी कपाटात कुलपात ठेवली आहे, चार पानांचे फोटो पाठवतो. तीन ठिकाणी ‘माया’ असं नाव आहे. क्लासला फोन करून विचारलं, या नावाची मुलगीच नाही. हिला यातून बाहेर कसं काढू? आणि हट्टच धरला तर फॅशनमध्ये स्कोप आहे का? – एक पालक, नाशिक

उत्तर:

माया ही मुलगी नाही हो. शिवताना शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं तर तेवढं उसवून कपडा सैल करता येतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत पेन्सिलने लिहिलंय, ‘मुंढ्याला माया कमी पडली, हात वर होत नाही.’ मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो भाग. म्हणजे पोरीने काहीतरी शिवून, घालून, हात वर करून बघितलाय. तुम्हाला घरात शिलाई मशीन चाललेलं ऐकू आलं नाही का?

मी हसलो, खरं सांगतो. पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना हसू गेलं. तुम्ही क्लासला फोन केलात, मला लिहिलंत, वहीचे फोटो एका परक्या माणसाला पाठवलेत. शेजारच्या खोलीत बसलेल्या मुलीला मात्र ‘ही माया कोण’ हे विचारलं नाहीत. फिजिक्सच्या 38 पेक्षा मला याची काळजी वाटते. सतरा वर्षांच्या मुलीची वही म्हणजे चोरीचा मुद्देमाल नव्हे. ते फोटो मी माझ्याकडून पुसून टाकतोय, तुमच्या फोनमधूनही पुसा.

आणखी एक. तुमच्या अख्ख्या पत्रात ‘मला फॅशन डिझायनर व्हायचंय’ हे वाक्य मुलीच्या तोंडी कुठेही नाही. ते तुम्हीच ठरवलंत, तुम्हीच घाबरलात आणि ‘स्कोप’ही तुम्हीच विचारताय. मुलांनी काहीही मन लावून केलं की त्याचं करिअर तरी करायचं नाहीतर ते बंद तरी करायचं, ही आपल्या घरांतली जुनी खोड आहे. उद्या ती रोज रात्री तारे बघत बसली, तर इस्रोची जाहिरात शोधाल?

आता ‘कुणी घालणार नाही असले कपडे’ याबद्दल, कारण तुमची सगळी भीती त्या पाच शब्दांत आहे. रॅम्पवरचा कपडा तसाच्या तसा घालण्यासाठी नसतोच. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस या चार शहरांत फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या हिवाळ्याचे कपडे दाखवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे. पुरुषांचे शो त्याच्याही आधी. 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर उतरवल्या, आधी कोल्हापूरचं नावही न घेता, आणि आपल्याकडे गदारोळ झाला. त्या चपला 2026 च्या उन्हाळ्यासाठीच्या संग्रहातल्या होत्या. मधले महिने दुकानदारांच्या ऑर्डरी, कापड आणि शिलाईत जातात. ऑर्डरपासून माल हाती येईपर्यंतचा हा वेळ, म्हणजे लीड टाइम, कारखान्यातल्या तुम्हाला मी सांगायला नको. शोमध्ये डिझायनर आपलं म्हणणं मुद्दाम मोठ्या आवाजात मांडतो, दुकानात तेच हळू आवाजात येतं. रेई कावाकुबो या जपानी डिझायनरने 1997 च्या उन्हाळ्याच्या संग्रहात कपड्यांच्या आत गाद्या भरून पाठीवर, कमरेवर चक्क टेंगळं आणली होती. बायकांनी टेंगळं घेऊन हिंडावं असं तिला वाटत नव्हतं. शरीर कुठे संपतं आणि कपडा कुठे सुरू होतो, हा तिचा प्रश्न होता. बघणाऱ्याने त्यातला प्रश्न घ्यायचा असतो. नक्कल करणारा फसतो, तुमची मुलगी नक्कल करत नाहीये.

पहिला फोटो पुन्हा बघा. रॅम्पवर घोट्यापर्यंत लोकरी कोट आहे, खांदे दाराएवढे. त्याखाली मुलीने लिहिलंय: ‘खांदे नकोत. लांबी गुडघ्याच्या वर, नाहीतर स्कूटीत अडकेल. लोकर नको, दुपारी उकडतं. आजीच्या इरकलीचं अस्तर? कापड 3 मीटर, शिलाई विचारायची.’ पॅरिसचा हिवाळा तिने बरोबर नाशिकच्या मापात कापलाय. आपल्याकडे निफाडचा पारा पेपरात झळकतो त्या दिवसांतही सकाळी सातच्या क्लासला कुडकुडायचं आणि बाराला घाम पुसायचा. अशा हवेत काढून हातावर टाकता येईल असंच काहीतरी लागतं. हे तिला कळलंय, तेही खर्चाचा अंदाज घेत.

आणि एक गंमत. चारही पानांवर डिझायनर वेगळे, हंगाम वेगळे, रंग वेगळे. पण चारांपैकी तीन कपड्यांना कॉलर नाही, नुसती उभी पट्टी आहे, आणि कडेला एकच बारीक काठ. स्वतःची आवड अशीच सापडते. यंदा काय चाललंय हे बघून ती सापडत नाही, दरवर्षी वेगळं चालत असतानाही आपली नजर कुठे अडते, त्यावरून सापडते. पन्नाशीतल्या बायकांनाही हे सांगता येत नाही, कपाटं मात्र भरलेली असतात. (पुरुषांचं तर विचारूच नका. मी वीस वर्षं त्याच फिकट निळ्या शर्टात आहे.)

हे सगळं वाचून ती जन्मजात डिझायनर आहे असं समजू नका. कपड्यांची आवड असणं वेगळं आणि त्यावर पोट भरणं वेगळं. आवड घेऊन गेलेली मुलं पॅटर्न मेकिंगच्या टेबलाशी पहिल्यांदा उभी राहतात, म्हणजे कपड्याचे भाग मापाने कागदावर आखतात तिथे, तेव्हा पट्टी, कोन आणि बेरीज-वजाबाकी बघून त्यांतली काही गळतात. तुमची मुलगी तिथे कदाचित टिकेल, ते मुंढ्याचं वाक्य मला तसं सांगतंय. पण चार फोटोंवरून कुणाचं आयुष्य ठरवायला मी ज्योतिषी नाही.

परीक्षांचं म्हणाल तर निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेची प्रवेश परीक्षा, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट आणि आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनच्या पदवीची यूसीड, तिन्हींना सायन्स चालतं. निफ्टच्या बी.एफ.टेक.ला, म्हणजे कपडे-निर्मितीच्या तंत्राच्या पदवीला तर बारावीला गणितच लागतं. म्हणजे सीईटीचा अभ्यास चालू ठेवून कुठलंच दार बंद होत नाही. फॉर्म भरायचे की नाही, ते तिला ठरवू द्या. परीक्षा झाल्या की मे महिन्यात पंधरा दिवस तिला एखाद्या चांगल्या लेडीज टेलरकडे बसू द्या, काज-बटनापासून. एका रविवारी तुम्ही दोघं येवल्याला जा आणि पैठणीच्या मागावर काठ कसा चढतो ते बघा. पैठणी घेऊ नका, फक्त बघा.

रात्रीच्या फोनबद्दल तुमचं बरोबर आहे. एक वाजेपर्यंत जागून सकाळी सातला क्लास, याने फिजिक्सचं वाटोळंच होणार. ती वेळ तिच्याशी बोलून ठरवा. पण वही कुलपात आणि फोन हातात, या व्यवस्थेने फोनच जिंकेल.

तेव्हा आज संध्याकाळी कपाट उघडा. फाटलेलं पान आधी सेलोटेपने मागच्या बाजूने नीट चिकटवा, पुढून पेन्सिलचं लिहिलेलं झाकलं जाईल. वही देताना भाषण करू नका. तुम्ही रोज व्हर्निअर घेऊन मापं तपासता, तर तेवढंच विचारा: मुंढ्याला माया किती सोडली होतीस, आणि किती सोडायला हवी होती?