देवीचं तेल

चिऊ,

डिसेंबरमध्ये पाटणादेवीहून परत येताना गाडीत तू विचारलंस, "आई, देवीला तेल दिलं म्हणजे ब्राइब दिली का?" आणि मी म्हटलं झोप आता. खरं सांगू, मला लागलं ते. तुझं चुकलं म्हणून नाही, मला पटकन उत्तरच सुचलं नाही म्हणून.

मी तुझ्याएवढी असताना नवरात्रात आम्ही चाळीसगावहून एसटीने जायचो, अठराएक किलोमीटर, पण गर्दीत तासभर लागायचा. मोठी माय मांडीवर डालड्याचा डबा घेऊन बसायची, त्यात घरचं शेंगदाण्याचं तेल, वर चिंधीचा बोळा. त्या तेलाला घरात कोणी हात लावायचा नाही. आठवडाभर भाजीला तेल कमी पडलं तरी नाही, मधली काकू कुरकुर करायची, आणि मला आता वाटतं की तिचं काही चुकत नव्हतं.

एका वर्षी डबा माझ्याकडे दिला. मी खिडकीतून माकडं बघत बसले आणि गचका बसला, सगळं तेल मोठ्या मायच्या लुगड्यावर. मला वाटलं आता मार. तिने काय केलं, ओला पदर तसाच मुठीत धरून ठेवला, उतरली, पायऱ्या चढली, आणि देवीसमोरच्या दिव्यावर तो पदर पिळला. थेंब थेंब पडत होतं, मागची लाइन थांबलेली, बायका हसत होत्या. नानांनी विचारलं, लुगडं गेलं ना? ती म्हणाली, "पोचनं ना तेल? मंग बस." परत येताना अख्ख्या गाडीत शेंगदाण्याच्या तेलाचा वास.

आता तुझं ब्राइबचं. मोठी माय मागायची देवीकडे, खोटं कशाला बोलू. माझ्या दहावीच्या वेळी तिने मानता केली होती, पास झाले तेव्हा मला घेऊन फेडायला गेली, म्हणजे हिशोब होताच. पण ज्या वर्षी काही मागायचं नसायचं त्या वर्षीही डबा भरायचाच. मग ते काय होतं? भाडं? सवय? मला नीट सांगता येत नाही.

त्या देवळातला तो शिलालेख, ज्याच्यासमोर तू "बोअर" म्हणालीस, तो शके 1128 चा, म्हणजे आठशे वर्षांहून जुना. बहुतेक संस्कृत आहे, पण शेवटच्या ओळी मराठी, आणि त्यात मठाला काय काय द्यायचं ते लिहिलंय. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतात त्यांनी दर घाण्यामागे "पळी पळी तेला". मी हे पहिल्यांदा कळल्यावर हसले, म्हटलं मोठी माय तर डबाभर देत होती! पण हे तेल देवीचं नव्हतं हं, मठाचं होतं. भास्कराचार्य, लीलावतीवाले, त्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तो मठ काढला होता. म्हणजे एका अर्थी शाळेचं तेल, गणिताच्या शाळेचं. आणि तेल्यांना कोणी विचारलं होतं का, बाबांनो द्याल का? नसणारच विचारलं, राजाने ठरवलं म्हणून देत असतील. जुन्या लेखांचे अभ्यासक भाऊ दाजी लाड, त्यांनी 1865 मध्ये तो लेख उजेडात आणला नसता तर आपल्याला त्या पळीभर तेलाचा पत्ताही लागला नसता.

हे सगळं सांगून तुला देवळात ओढत नेणार नाहीये. इथे मेलबर्नला नवरात्रात मी दिवा लावते आणि स्मोक अलार्म वाजतो तेव्हा तू कानावर हात ठेवून खोलीत जातेस, तेही चालेल. मी स्वतः किती मानते ते मलाही दर वर्षी वेगळं वाटतं. लावताना हात मात्र आपोआप पदर चाचपतो, अंगात जीन्स असली तरी.

आजीला फोनवर हा प्रश्न विचारू नकोस एवढं फक्त ऐक. किंवा विचार, ती चिडेल पण सांगेल काहीतरी, तिला त्या लुगड्याचा रंगसुद्धा आठवतो.

आई