भारताची राज्यघटना संघराज्यात्मक म्हणावी की एकात्म?

आपण विचारले आहे की भारतीय राज्यघटना संघराज्यात्मक (केंद्र आणि राज्यांत सत्ता वाटलेली) मानावी की एकात्म (सत्ता केंद्राकडे एकवटलेली), आणि परीक्षेत ‘अर्धसंघराज्य’, म्हणजे दोन्हींच्या मधली व्यवस्था, एवढा शब्द लिहून भागेल का. मी पदवीच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवतो आणि या प्रश्नाच्या उत्तरात दोन रकान्यांची तीच ती यादी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे: डावीकडे लिखित घटना, अधिकारविभागणी, स्वतंत्र न्यायव्यवस्था, उजवीकडे एकेरी नागरिकत्व, राज्यपाल, आणीबाणी. यादी चुकीची नसते, पण ती पाठ करून घटनेचा स्वभाव कळत नाही. त्यापेक्षा अनुच्छेद ३ आणि अनुच्छेद ३६८ शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, असे माझे मत आहे.

राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांतला, एखादा विषय, समजा पोलीस, समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदे करता येतील अशा यादीत, हलवायचा असेल तर अनुच्छेद ३६८ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते आणि शिवाय किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण आणि वने हे विषय समवर्ती सूचीत गेले, ते याच वाटेने. मात्र ज्या राज्याच्या अधिकारांना एवढे संरक्षण आहे, ते राज्यच तोडायचे, दुसऱ्याला जोडायचे किंवा त्याचे नाव बदलायचे असेल तर साधे बहुमत पुरते. अनुच्छेद ३ नुसार विधेयक संबंधित विधिमंडळाकडे अभिप्रायासाठी पाठवावे लागते, पण तो अभिप्राय संसदेवर बंधनकारक नाही. आणि असा कायदा घटनादुरुस्ती समजला जाणार नाही, हे अनुच्छेद ४ मध्ये स्पष्टच म्हटले आहे. कपाटाला भक्कम कुलूप, पण घराच्या दाराला कडी नाही, असा हा प्रकार आहे.

याचा अनुभव आपल्याच राज्याने घेतला आहे. १९५६ साली राज्य पुनर्रचनेचे विधेयक मुंबई विधिमंडळाकडे अभिप्रायासाठी आले, तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. पुढे संसदेत ती योजना बदलून एकच विशाल द्वैभाषिक राज्य करण्यात आले आणि बदललेला प्रस्ताव विधिमंडळाकडे परत पाठवण्यात आला नाही. बाबूलाल पराते यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. परंतु विधेयकात दुरुस्ती झाली म्हणून नव्याने अभिप्राय मागवण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दिला. (ज्या अनुच्छेदाने द्वैभाषिक लादले, त्याच अनुच्छेदाखाली १ मे १९६० रोजी महाराष्ट्र मिळाला, हेही विसरू नये.) २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने राज्याच्या विभाजनाचे विधेयक जानेवारीत फेटाळले, तरी फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले आणि तेलंगण अस्तित्वात आले.

असे का, याचे उत्तर डॉ. आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात सापडते. अमेरिकेप्रमाणे आपली राज्ये करार करून एकत्र आलेली नाहीत, म्हणून त्यांना बाहेर पडण्याचा हक्कही नाही, आणि म्हणूनच अनुच्छेद १ मध्ये भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हटले आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. काळ आणि परिस्थिती पाहून ही घटना एकात्म किंवा संघराज्यात्मक होऊ शकते, हेही त्यांनी तेथेच सांगितले.

राष्ट्रपती राजवटीवर, म्हणजे अनुच्छेद ३५६ वर, आपण हवे तेवढे वाचले असेलच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने त्या अधिकाराला न्यायालयीन तपासणीची वेसण घातली, एवढे येथे पुरे. वस्तू व सेवा कर परिषद, म्हणजे या कराबाबत केंद्र आणि राज्ये एकत्र बसून निर्णय घेतात ती संस्था, मात्र बारकाईने पाहण्याजोगी आहे. तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. साधे गणित करून पाहावे: सगळी राज्ये एक झाली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही, आणि केंद्रालाही बहुसंख्य राज्ये सोबत घेतल्यावाचून पुढे सरकता येत नाही.

‘अर्धसंघराज्य’ हा राज्यघटनांचे अभ्यासक के. सी. व्हेअर यांचा शब्द उत्तरात जरूर लिहावा. पण त्यानंतर पराते खटल्याच्या दोन ओळी आल्या, तर निदान माझ्यासारखा परीक्षक पुढचे उत्तर जरा सावरून बसून वाचेल.