भेसळ करून वीज वाढते, मग उष्णता?

प्रश्न : गाडीतल्या छोट्या फ्रिजची पेल्टिअर चकती (वीज दिली की एका बाजूने गार, दुसरीने गरम होते ती) फोडली. आत करडे, चमकदार ठोकळे निघाले. त्यांत मुद्दाम भेसळ करतात म्हणे. वीज सहज वाहिली तर उष्णताही वाहणारच ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : चकती फोडून पाहिलीत, फार बरं वाटलं! ते ठोकळे बिस्मथ टेल्युराइडचे. गरम बाजूची उष्णता गार बाजूकडे परतायला नको, हे खरंच; ती दोन वाटांनी जाते : वीजवाहकांबरोबर आणि अणूंच्या थरथरीतून. निम्म्या ठोकळ्यांत बिस्मथच्या बऱ्याच जागी अँटिमनी असतो. २०९ अणुभाराशेजारी १२२ आला की थरथर अडखळते. वीज त्यामानाने कमी अडते.

वाहक वाढवणारी भेसळ वेगळी. लेड टेल्युराइड या अशाच दुसऱ्या पदार्थात शिशाच्या जागी सोडियम बसला, की एक इलेक्ट्रॉन कमी पडतो आणि ती रिकामी जागाच वीज वाहते. पण अति केलंत तर तापमानातल्या फरकामुळे मिळणारं व्होल्टेज घसरतं, शिवाय तुमची शंका खरी ठरते : वाहकच उष्णता नेऊ लागतात. म्हणून घन सेंटिमीटरमागे एकावर १९-२० शून्यं, एवढेच वाहक ठेवतात.